पोटमाळ्यावरचं पोटेन्शियल

आमच्या शेजारच्या खोलीतली मुलगी बारावीत होती आणि तिला सायन्स सोडायचं होतं. सोमवारी आईला घेऊन ती कॉलेजात तसं सांगायला जाणार होती. शनिवारी दुपारी तिची आई आमच्या दारात आली.

"तू फिजिक्स शिकलंस ना गो? एकदा बघ तिच्याकडे. मग काय ता तिका करूंदे."

मला शिकवायची सवय नव्हती. चाळीत मी फारशी बोलायचेही नाही. इंग्रजी शाळेतली म्हणून शिष्ट, असं माझ्याबद्दल ठरून गेलं होतं आणि ते मला सोयीचंच होतं. तरी गेले.

ती पोटमाळ्यावर अभ्यास करायची. तिथे उभं राहता येत नाही, म्हणून आम्ही मांडी घालून बसलो. ती एकाच जागी अडली होती. विद्युतभार दिलेला धातूचा पोकळ गोल, त्याच्या आत फील्ड, म्हणजे विद्युतक्षेत्र, शून्य.

"मग पोटेन्शियल पण शून्य का नाही, ताई? सर म्हणाले, पाठ कर."

मी सगळं गणित मांडून दाखवलं. तिने मान हलवली. ते मान हलवणं माझ्या ओळखीचं होतं. पुढचा प्रश्न टाळायला शाळेत मीही तशीच हलवायचे.

मी वही मिटली आणि तिचं गोल पेन फळ्यांवर आडवं ठेवलं. "हे बघ, खाली सपाट आहे. पेन कुठे जाणार नाही. म्हणजे फील्ड शून्य. पण आपण…"

पेन निघालं. जुन्या फळ्या शिडीच्या बाजूला खचल्या होत्या. मी हात पुढे करेपर्यंत ते कडेवरून गेलं आणि खाली टोपाच्या झाकणावर खणकन आदळलं.

"वरसून काय टाकतास गो! झाकण नसता तर डाळीतच!" खालून तिची आई ओरडली.

मी ओशाळले. मुलगी मात्र त्या कडेकडेच बघत होती.

"सपाट असतं तर पेन इथेच राहिलं असतं," ती सावकाश म्हणाली. "पण तरी वरच ना? खालून इथवर चढवलेलं."

"हो."

"मग गोलाच्या आतपण तसंच. उतार नाही, म्हणजे फील्ड शून्य. पण उंची आहे, तेच पोटेन्शियल. सगळीकडे सारखी." मग ती हसली. "आमच्या माळ्यावर काय फील्ड शून्य नाही हां, ताई."

चहाला खाली उतरलो. आईने विचारलं, "मग सोमवारी किती वाजता जावचा?"

"सोमवारी नको. कपॅसिटर राहिलाय अजून. तो नाही समजला तर बघू."

"आणि मी रजा घेतलंय ती?"

"झोप काढ."

आई काहीतरी पुटपुटली, पण माझ्या कपात तिने आणखी चहा ओतला. मुलगी माझ्याकडे वळली. "उद्या येशील?"

हो म्हणायला मला नेहमी वेळ लागतो. तेवढा वेळ ती थांबली.