हजेरीसाठी लपवलेला खोकला

डॉक्टरांनी एक्स-रे प्रकाशाच्या पेटीवर लावला आणि स्वतःची खुर्ची जरा बाजूला सरकवली. "सिस्टर, तुम्हीच बघा," म्हणाले.

मी बघितलं. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग दिसतच नव्हता. तिथे सगळं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्याची कड बरगड्यांच्या बाजूने वर चढली होती. असे एक्स-रे मी आठ वर्षं बघत आले होते, पण दुसऱ्यांचे. याच्या कोपऱ्यात माझं नाव होतं.

"इफ्युजन," मी म्हणाले.

"कधीपासून खोकताय?"

"आठवडा झाला असेल."

त्यांनी केसपेपरवरचं पेन बाजूला ठेवलं. मग माझ्या तोंडून खरं निघालं. "सहा आठवडे."

प्लुरल इफ्युजन म्हणजे फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठणं. ते अनेक कारणांनी साठतं. पण तेहतीस वर्षांची बाई, संध्याकाळचा ताप, पाच किलो वजन कमी आणि सहा आठवडे खोकला, हे एकत्र केल्यावर आमच्याकडे पहिलं नाव टीबीचंच येतं. वॉर्डमध्ये रोज काम करणाऱ्या कुठल्याही नर्सला ते कळलं असतं. मलाही कळलं होतं. म्हणूनच मी सहा आठवडे डॉक्टरांकडे गेले नव्हते.

हे मी लिहितेय ते माझ्यासारख्या कामावरच्या नर्सेससाठी, ज्या पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग करायला निघाल्या आहेत. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्यांसाठी हा दोन वर्षांचा पदवी कोर्स आहे. इतर मुलींना बारावीनंतर त्याच पदवीला चार वर्षं लागतात. आपल्याला वाटतं, काम तर येतंच, दोन वर्षं अशी निघून जातील. तशी ती जात नाहीत.

मी पोलादपूरला राहते. माहेर जवळच्याच कापडे गावचं. नवरा संदीप महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. मुलगी स्वरा तेव्हा चार वर्षांची होती. महाडच्या एका खासगी दवाखान्यात मी आठ वर्षं काम केलं, मग ते सोडून कोर्सला प्रवेश घेतला. सकाळी सहाची एसटी, सातपासून वॉर्ड, दुपारी वर्ग, संध्याकाळी घर आणि घरी आल्यावर केस स्टडी. केस स्टडी म्हणजे एक पेशंट निवडायचा, रोज त्याच्याजवळ राहून त्याची सगळी काळजी आपण घ्यायची आणि ते सगळं लिहून काढायचं. शिवाय सेमिनार, चार्ट, इंग्रजीतली मोठमोठी पुस्तकं. वर्गाच्या हजेरीवर परीक्षा अवलंबून आणि वॉर्डचे तास तर एकही कमी चालत नाही. पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं होतं, "प्रॅक्टिकलचा एक तास राहिला तरी पदवी अडेल. आजारी पडायचं असेल तर सुट्टीत पडा." सगळ्या हसलो होतो. मीही हसले होते.

जानेवारीत खोकला सुरू झाला, कोरडा. मग उजव्या कुशीत श्वास घेताना टोचायला लागलं. संध्याकाळी कणकण यायची. मी पॅरासिटामॉल घेऊन बसायचे. अश्विनी माझ्या बाकावर बसायची, वयाने लहान. ती दोनदा म्हणाली, "ताई, एकदा एक्स-रे काढ ना." मी म्हटलं, धुळीचा खोकला आहे, हायवेचं काम चाललंय. तिने विश्वास ठेवला.

त्या दिवसांत माझी पोस्टिंग लहान मुलांच्या वॉर्डमध्ये होती.

एक्स-रे काढला त्याच दुपारी टॅपिंग झालं. टॅपिंगमध्ये पाठीकडून बरगड्यांच्या मधून सुई घालून ते पाणी काढतात. सुईपेक्षा वाट बघणं अवघड असतं. पाणी गवती चहासारखं पिवळट निघालं. ते तपासायला गेलं, सोबत माझी थुंकीही गेली. थुंकीची सीबीनॅट नावाची तपासणी करतात. टीबीचे जंतू आहेत का आणि मुख्य औषध त्यांना लागू पडेल का, ही दोन्ही उत्तरं त्यातून मिळतात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडेल, ही चांगली गोष्ट. पण थुंकीत जंतू सापडलेत. म्हणजे फक्त पाण्यात नाही, फुफ्फुसातही आहे. तुमच्या खोकल्यातून तो दुसऱ्याला जाऊ शकत होता. घरी लहान मूल आहे?"

मी मान हलवली.

"आणि पोस्टिंग कुठे होती?"

मी ते सांगितलं आणि त्यानंतर त्या खोलीत ते काय बोलले, मला आठवत नाही.

वॉर्डमध्ये आठ महिन्यांचा एक मुलगा होता. त्याला इथे मी आरुष म्हणते, खरं नाव वेगळं आहे. न्यूमोनियाने दाखल झालेला. आंबेनळी घाटातल्या एका वाडीवरून त्याची आई त्याला घेऊन आली होती. माझी केस स्टडी तोच होता. दोन आठवडे मी त्याला मांडीवर घेऊन चमच्याने दूध पाजलं. मास्क बघितला की तो रडायचा आणि दूध बाहेर काढायचा. म्हणून मी मास्क खाली करायचे. त्याचा ताप उतरला, तो हसायला लागला, घरी गेला. केस स्टडीला मला सगळ्यांत जास्त मार्क मिळाले होते.

कॉलेजला कळवावं लागलं. वर्गातल्या सगळ्यांना तपासणीला पाठवलं. त्या संध्याकाळी अश्विनीचा फोन आला.

"ताई, तुला माहीत होतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी विचारलं होतं तुला. दोनदा. तू नर्स आहेस ना?"

तिने फोन ठेवला. तिचे रिपोर्ट चांगले आले, सगळ्या वर्गाचे चांगले आले. तरी ती आजही माझ्याशी कामापुरतंच बोलते. मला त्यात तिची चूक दिसत नाही.

आई कापड्याहून आली आणि दारातूनच स्वराला घेऊन गेली. स्वरा रडत होती, मी खिडकीच्या आतून बघत होते. आई म्हणाली, "पोरगी माझ्याजवळ हाय. तिची काळजी करू नको. तू आधी खा-पी, बरी हो गो."

"आये, तिला झाला असला तर?"

"झाला असला तर औषध देऊ. आता रडून काय होनार हाय?"

तीन दिवसांनी स्वराचा एक्स-रे स्वच्छ आला. लहान मुलांना आजार नसला तरी पुढे होऊ नये म्हणून गोळ्या देतात. तिला त्या सहा महिन्यांसाठी सुरू झाल्या.

वॉर्डमधल्या बाकीच्या मुलांच्या घरी फोन गेले. एकेक करून सगळी तपासून झाली. आरुषच्या आईचा फोन लागत नव्हता. वाडीवर रेंज नाही. तिथल्या आशाताईला निरोप गेला. ती चढून वर गेली, तर घराला कुलूप. आई बाळाला घेऊन माहेरी गेली होती आणि माहेर नक्की कुठलं, हे शेजारणीला सांगता येईना.

पाच दिवस. मी खाटेवर पडून त्या पाच दिवसांत एकच गोष्ट डोक्यात फिरवत होते. बाळांना टीबी झाला तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्याला टीबी मेनिन्जायटिस म्हणतात, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज. तशी बाळं मी पाहिली आहेत. मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. संदीप कामावरून येऊन ताट ठेवायचा आणि तसंच परत उचलायचा. एकदा त्याने विचारलं, "शुभा, काय चाललंय डोक्यात?" मी म्हटलं, "एका मुलाला मी मारलं असेल तर मी जगू कशाला?" तो माझ्या शेजारी जमिनीवर बसला. दुसऱ्या दिवशी तो कामाला न जाता मोटरसायकल काढून आशाताईला घेऊन गेला. त्याच्या मागे बसून तिने विचारत विचारत माहेर शोधलं. आरुष सापडला. अंगणात रांगत होता.

त्याचीही तपासणी झाली. आजार नव्हता. त्यालाही गोळ्या सुरू झाल्या.

आता आपण सुटलो असं मला वाटलं. पण माझ्या औषधांच्या चौथ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. अन्नाचा वास नको वाटायला लागला. आरशात बघितलं तर डोळे पिवळे. टीबीची औषधं काहींच्या लिव्हरला सोसत नाहीत. एलएफटी, म्हणजे लिव्हर किती काम करतं याची रक्ततपासणी, फार बिघडली होती. मला दाखल केलं आणि सगळी औषधं बंद केली.

"बंद ठेवली तर टीबी वाढेल," मी म्हणाले.

"चालू ठेवली तर लिव्हर जाईल," डॉक्टर म्हणाले. "आता थांबायचं. मग एकेक करून परत सुरू करू. घाई करता येणार नाही, सिस्टर. या एका गोष्टीत तरी नाही."

तीन आठवडे मी दाखल होते. ज्या बायकांच्या वॉर्डमध्ये मी आधी विद्यार्थिनी म्हणून उभी राहायचे, तिथेच खिडकीजवळच्या खाटेवर. सकाळी माझ्याच वर्गातल्या मुली युनिफॉर्ममध्ये यायच्या. काही जवळ यायच्या, काही लांबूनच हात करायच्या. मॅडम एकदा आल्या, पायाशी उभ्या राहिल्या. "शुभांगी, हे वर्ष आता बसत नाही. पुढच्या बॅचबरोबर पहिल्यापासून," म्हणाल्या. मग जाताना वळून म्हणाल्या, "सुट्टीत आजारी पडा, असं मी गमतीने म्हणाले होते. आता ते कोणाला म्हणत नाही."

औषधं एकेक करून परत सुरू झाली आणि लिव्हरने ती सोसली. मी घरी आले. स्वरा कापड्याहून परत आली तेव्हा उंबऱ्यापाशीच थांबली. "आजी बोलली, आईजवळ नाय जायचं." आठ दिवस ती माझ्या मांडीवर बसली नाही. तिला ओढून घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. नवव्या दिवशी ती वेणी घालायला पुढ्यात येऊन बसली, पाठ करून. मी फार हळूहळू वेणी घातली.

उपचार लांबत आठ महिन्यांवर गेले. शेवटचा रिपोर्ट स्वच्छ आला. आता मी नव्या बॅचबरोबर पहिल्या वर्षाला आहे. तुम्ही कोर्सला निघाला असाल तर जरूर जा. पण आत जाण्याआधी एक एक्स-रे काढून ठेवा. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला खोकलाच असतो असं समजू नका. आणि वर्ष बुडेल म्हणून गप्प बसू नका. माझं ते बुडालंच, फक्त सोबत आणखी किती घरं मी घाबरवली.

दिवाळीनंतर एका रविवारी मी आशाताईबरोबर त्या वाडीवर गेले. कोणी सांगितलं नव्हतं. पायवाटेवर दोनदा परत फिरावंसं वाटलं.

आरुषची आई भात वाळत घालत होती. मला बघितलं आणि काही बोलायच्या आत ती घरात जाऊन एक पिशवी घेऊन आली. पिशवी माझ्यापुढे उलटी केली. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या.

"एक बी दिवस चुकवला नाय हां मी. बघा तुम्ही."

"मी तपासायला नाही आले," मी म्हटलं. "मी सांगायला आले. तो खोकला माझा होता. मला शंका होती, तरी मी वॉर्डमध्ये आले. त्याला जवळ घेतलं, मास्क काढून."

आरुष तिच्या पायाला धरून उभा होता. तिने त्याला उचलून कडेवर घेतलं. आशाताई खाली बघत होती.

"तुम्ही बऱ्या झालात का?"

"हो."

"अजून तेच काम करताव?"

"हो."

"मग आता खोकला आला तर पयला सांगा," ती म्हणाली. "आमाला कोन सांगनार?"

मी हो म्हटलं. तिने मान हलवली, बाळाला खाली ठेवलं आणि परत भात पसरायला लागली. मी पट्ट्या गोळा करून पिशवीत भरून दिल्या.