टायर बदलले की चालवा

वर्षभर मी आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, एकच थाप मारत होतो. "टायर पार घासल्यात आण्णा. बदलू, मग चालवा."

काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता उजेड-अंधार तेवढा कळेल. मी आण्णांना सांगितलं, औषधानं हळूहळू फरक पडेल. उभा जन्म मिलिटरीत ट्रक चालवलेला माणूस; त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? एरवी मी लय तिरसट, कुणालाही फाडफाड बोलतो. इथं मात्र शेपूट घातलं.

ते रोज सकाळी शेडात जाऊन गाडीत बसायचे. एकदा त्यांनी गाडी चालू केली आणि नेऊन शेजाऱ्याच्या गोठ्याच्या भिंतीवर घातली. नशीब, म्हशी रानात होत्या. "टायरांनी दगा दिला रं," म्हणाले. मला तेवढंच हवं होतं. तेव्हापासून टायरांची थाप चालू झाली. त्यांच्याकडची गाडीची दुसरी किल्ली मागितली, तर म्हणाले हरवली. मग मी बॅटरीची वायरच काढून ठेवली.

शेवटी गाडी गुपचूप विकायची ठरवली. पलूसचा एक जण तयार झाला, पण टायर बदलून द्या म्हणाला.

सांगलीतल्या दुकानदारानं विचारलं, "घरात ठेवणार का विकणार?" मी खरं ते सांगितलं. त्यानं कोपऱ्यातले चार जुने टायर काढले, पॉलिश मारून काळेकुळकुळीत केलेले. "विकायच्या गाडीला लय झालं," म्हणाला. मीही म्हटलं, बसवा. लाज वाटायला हवी होती, पण सुटलो असंच वाटलं.

घरी बायको बोलून गेली, "टायर बदलून आणलं वाटतं!" झालं. आण्णा भिंत चाचपत अंगणात आले आणि पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. खाचांतून अंगठा फिरवला. बोटं नाकाशी नेऊन पॉलिशचा वास घेतला. मग टायर कुठल्या साली बनला त्याचे आकडे बाजूला उठवलेले असतात, ते चाचपले. दोनदा चाचपले.

"ह्यो टायर माझ्या डोळ्यांच्या आदी मेल्याला हाय," ते म्हणाले. "घरच्या गाडीला असला कोण घालत न्हाई. इकलीस व्हय रं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इक की. पर घेणाऱ्याची बी बायकापोरं बसणार हायत ह्यात. ड्रायव्हरच्या पोरानं आसलं करावं?"

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन परत त्याच दुकानात गेलो. त्यांनी एकेक नवा टायर पुढ्यात मागवून घेतला, आकडे चाचपले. दोन परत दिले. गोदामात पडून राहिलेले होते म्हणे. मला विचारलं, घेणारा कुठल्या वाटेनं जातो? मला काय माहीत! पलूसचा आहे, एवढंच सांगितलं. "पलूसचा हाय न्हवं? मग उसाच्या फडातनं जाणार, धसकटं टायरची बाजू फाडत्यात. कडंला जाड बगून दे." दुकानदार मुकाट्यानं टायर उचलून आणत होता. वर्षभरात मी आण्णांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं, आणि माझा जीव तुटत होता.

परत येताना ते शेजारच्या सीटवर होते. सरळ रस्ता लागल्याचं त्यांना बरोबर कळलं.

"आता टायर नवं हायत," ते म्हणाले. "दे की जरा."

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"टायरांचं न्हाई आण्णा," मी म्हणालो. "तुमचं डोळं गेल्यात. आता येणार न्हाईत." आणि मला रडूच फुटलं.

"ठावं हाय. मिरजंतच कळलं हुतं. वरीसभर वाट बगतोय, कवा सांगतोयस."

त्यांनी बंडीच्या खिशात हात घालून ती हरवलेली किल्ली काढली. गिअरवरचा माझा हात चाचपून शोधला, किल्ली त्यात ठेवली आणि माझी मूठ मिटवली.

"ही बी दे त्येला," म्हणाले.