फुईच्या कानशिलातली शीर

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आबा गुजरातेत भेस्तानच्या लूम कारखान्यात कापड विणणारे कारागीर होते. पाळी संपली की दोन-चार सोबत्यांना घेऊन सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचे, आणि ओली शाई माझ्या फ्रॉकला लागायची. त्या पत्रकांतलं सगळ्यात गाजलेलं पत्रक आमच्या गल्लीतल्या पदवी नसलेल्या डॉक्टरविरुद्ध होतं. कंबर दुखो की ताप येवो, तो सगळ्यांना एकच पुडी द्यायचा. तिच्यात स्टेरॉईडची बारकी पांढरी गोळी असायची. दुखणं एका दिवसात पळायचं, माणूस पुन्हा लूमवर उभा राहायचा आणि काही महिन्यांत त्याचं तोंड सुजून गोल व्हायचं. ‘ही गोळी खाऊ नका,’ असं पत्रकात ठळक लिहिलं होतं.

ते पत्रक घराघरांत नेलं ते फुईने. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर धुळ्याकडून आमच्याकडे आली ती इथलीच झाली. घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. तिला वाचता येत नव्हतं. मी ओट्यावर बसून पत्रक वाचायचे आणि आजूबाजूच्या बाया धागे कापता कापता ऐकायच्या. श्रावणात गल्लीत कानबाई देवी बसली तेव्हा फुईने प्रसादाचे रोट खाण्याआधी सगळ्या बायांकडून कानबाईसमोर शब्द घेतला, की पांढरी गोळी कुणाच्या घरात येणार नाही. देवीला मध्ये आणलं म्हणून आबा कुरकुरले. फुई म्हणाली, “तुझा कागद पावसात भिजतो भाऊ, कानबाईचा शब्द भिजत नाही.”

पुढच्या हिवाळ्यात तिचं डोकं दुखायला लागलं, एकाच बाजूचं. वेणी घालताना कंगवा लागला तरी कळवळायची. मग भाकरी चावताना जबडा भरून येऊ लागला. चार घास खाल्ले की थांबायची, जरा वेळाने पुन्हा चावायची. दाताच्या डॉक्टरने एक दाढ काढली. ती दाढ धडधाकट होती हे नंतर कळलं. चष्म्याच्या दुकानदाराने नंबर बदलला. एका सकाळी ती ओट्यावर बसली होती आणि शांतपणे म्हणाली, “उजव्या डोळ्यासमोर कोणी पडदा सोडला का गं?” कोणीच सोडला नव्हता.

धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरबेनने डोळ्यात थेंब टाकून आत बघितलं. मग अनपेक्षितपणे डोळा सोडून तिच्या कानशिलावर बोटं ठेवली आणि माझी बोटंही तिथे नेली. कातडीखाली सुतळीसारखं काहीतरी ताठ लागलं. “इथे नाडी लागायला हवी,” डॉक्टरबेन गुजरातीत म्हणाल्या. “लागते का?”

लागत नव्हती.

“हा डोळ्याचा आजार नाही. धमनीचा आहे. धमनीची भिंत आतून सुजते आणि रक्ताची वाट बंद होते. जबडा दुखायचा तो त्याच्यामुळेच, दाढेमुळे नाही. आपल्याकडे क्वचितच दिसतो हा.” त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. कानशिलातल्या शिरेचा तुकडाही काढून बघायचा ठरला, पण रिपोर्टची वाट बघायची नाही असं बजावलं. “गेलेला डोळा परत येणार नाही. दुसरा काही दिवसांतच जाऊ शकतो. गोळ्या आजच सुरू करायच्या.”

मी चिठ्ठी वाचली. गोळीचं नाव मला पाठ होतं. आबांच्या पत्रकात ते ठळक अक्षरांत होतं.

मी फुईपासून ते लपवलं नाही. आमच्या घरात कोणाला फसवून औषध देण्याची रीत नव्हती. ती पाकीट हातात धरून बसली आणि अहिराणीत म्हणाली, “माले नको ह्या गोया.”

आबा तिच्यासमोर उकिडवे बसले. “अक्का, तो गल्लीतला माणूस सगळ्यांना देतो ती वेगळी गोष्ट. हा आजार ओळखून दिलेलं औषध आहे.”

“तुझ्या कागदात तसं होतं का?”

आजार ओळखून, तपासून दिली तर हीच गोळी जीव वाचवते, असं वाक्य आबांनी आधी लिहिलं होतं. पान भरलं म्हणून खोडलं. सोबती म्हणाले होते, पत्रकात एकच गोष्ट ठासून सांगायची.

“खाल्ली तर शब्द मोडला. नाही खाल्ली तर आंधळी,” फुई म्हणाली. “तुम्ही बापलेकींनी मला बरोबर कोंडलं.”

मला राग आला होता. आबांवर, त्या गल्लीतल्या माणसावर, फुईच्या कानबाईवरही. एक डोळा उरला आहे आणि ही शब्द सांभाळत बसली आहे. मी म्हटलं, “शब्द बायांना दिलास ना? मग बायांनाच विचार.”

दुपारी बाया आपापले साड्यांचे गठ्ठे घेऊनच आल्या. काम थांबवून यायला कोणाला परवडत होतं? मी त्यांना शीर, धमनी, डोळा सगळं सांगितलं. एकेकीने फुईच्या कानशिलाला हात लावून बघितला.

शेजारची म्हणाली, “फुई, माझ्या नवऱ्याची पुडी तू गटारीत टाकली होतीस. आता तुझी मी टाकू का?”

बाया हसल्या. फुईसुद्धा हसली आणि जबडा धरला.

मग कोपऱ्यातली एक हळूच म्हणाली, “म्हणजे आमच्या माणसालाही चालेल ना आता? पाठीसाठी?”

हसू तिथेच विरलं. फुई ज्याला भीत होती ते हेच होतं. ती त्या बाईकडे डाव्या डोळ्याने बघत राहिली. “तुझ्या माणसाची शीर अशी झाली का? डोळा गेला का त्याचा? गेला तर ह्याच डॉक्टरबेनकडे ने. पाठीसाठी आणलीस तर मी अजून हाय.”

“मग घे बाई,” शेजारची म्हणाली. “आम्ही सोडलं तुला.”

फुईने गोळ्या त्यांच्यासमोर गिळल्या, एकेक करून.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखायचं थांबलं. आम्हाला आनंद झाला, ती मात्र घाबरली. दुखणं एका दिवसात पळतं, हे तिनेच दारोदार सांगितलं होतं. तुकड्याचा रिपोर्ट आला, निदान पक्कं निघालं. डावा डोळा टिकला. पण उन्हाळ्यापर्यंत फुईचं तोंड गोल झालं, साखर वाढली. गल्लीतला तो माणूस पायरीवर उभा राहून लोकांना सांगायचा, “बघा, माझीच गोळी खाते आता.” फुई ओट्यावर बसायची बंद झाली. आत, खिडकीच्या उजेडात धागे कापायची.

गोळ्या अचानक बंद करायच्या नाहीत, अगदी सावकाश कमी करायच्या, असं डॉक्टरबेनने बजावलं होतं. कमी केल्या की आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. रोज सकाळी मी विचारायचे, “दिसतं ना?”

“दखास. तुनं तोंड दखास. आखो काय जोयजे?” तुझं तोंड दिसतं, आणखी काय हवं, असं ती अहिराणीतच म्हणायची.

कानबाई पुन्हा जवळ आली तेव्हा डोस बराच खाली आला होता. फुईने ठरवलं होतं, यंदा ओट्यावर बसायचं. एका दुपारी जेवताना तिने घास तोंडात धरला आणि थांबली. मीही थांबले. ती जरा वेळाने पुन्हा चावू लागली, पुन्हा थांबली.

डॉक्टरबेनने कानशील चाचपलं आणि डोस परत वर नेला.

“म्हणजे सुटका नाही,” फुई म्हणाली.

“सध्या तरी नाही,” मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

घरी आल्यावर तिने वाढवलेल्या गोळ्या तळहातावर घेतल्या, गिळल्या. मग गठ्ठा ओढून तो ओट्यावर नेला आणि सगळ्यांना दिसेल अशी, सुजलं तोंड गल्लीकडे करून बसली.