ट्रस्टीबाईंच्या दारात लाडवांचा डबा

मला राग आला की मी स्वयंपाकघरात शिरते. त्या मे महिन्यात मी किलोभर बेसन भाजलं, एवढं सांगितलं तरी राग केवढा होता ते कळेल.

माझ्या मुलीला फिट येते, पण बघणाऱ्याला ती फिट वाटत नाही. ती फक्त थांबते. डोळे उघडे, हातात पेन्सिल, आणि पोरगी त्या डोळ्यांच्या मागे नाही. जिन्यावर असं झालं की काय होतं ते आम्ही एकदा पाहिलंय. हनुवटीवर टाक्यांची खूण आहे. दुसरीत तिच्या वर्गात एक असिस्टंट आली. ती टीचर नव्हती. ज्या मुलांना जास्त लक्ष लागतं त्यांच्या सोबत दिवसभर राहायचं, हे तिचं काम. महिन्याभरात तिने मला सांगितलं, की फिट येण्याआधी तुमची मुलगी डाव्या हाताने बाही चोळायला लागते. मी आई, सात वर्षं पोरीला मांडीवर घेऊन बसलेली, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. लाज वाटली. पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

एप्रिलच्या शेवटी त्या असिस्टंटला पत्र आलं, की पुढच्या वर्षी या शाळेत तुमची जागा नाही. इथे परदेशात त्याला सरप्लस म्हणतात. जागा कमी झाल्या की जो सगळ्यात नवा तो आधी जातो, काम कसंही असो. शाळेत सगळ्यात नवी तीच होती. दुसरी कोणी असेल का, असं विचारलं तर प्रिन्सिपलबाई म्हणाल्या, मधूनमधून कोणीतरी येईल. मधूनमधून! फिट काय अपॉइंटमेंट घेऊन येते?

मी प्रिन्सिपलबाईंवर भडकले, तर त्यांनी शांतपणे सांगितलं की शाळेला किती माणसं द्यायची हे त्या ठरवत नाहीत. ते या भागातल्या सगळ्या शाळांचं बोर्ड ठरवतं. बोर्ड म्हणजे आपल्याच मतांनी निवडून आलेले ट्रस्टी. पैसे सरकारकडून येतात, बजेटचा मसुदा बोर्डाच्या ऑफिसातले अधिकारी करतात, आणि जूनमध्ये ट्रस्टी हात वर करून तो मंजूर करतात. यंदाच्या मसुद्यात असिस्टंटच्या जागा कापल्या होत्या. इतकी वर्षं इथे राहून, सिटिझन होऊन, मी त्या निवडणुकीत एकदाही मत दिलं नव्हतं. मतपत्रिकेवर मेयरचं नाव बघायचं आणि खालचं सोडून द्यायचं, हा आमच्या घरचा रिवाज.

आमच्या भागाच्या ट्रस्टी म्हणजे एक रिटायर्ड नर्स, घरापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या. त्या आणि आणखी एक ट्रस्टी मिळून या कपातीविरुद्ध ठराव आणणार होत्या: हेड ऑफिसातल्या रिकाम्या जागा यंदा भरू नका, पण शाळांमधल्या असिस्टंट तेवढ्याच ठेवा. मला वाटलं, चला, भेटून येऊ. आता आम्हा नागपूरच्या लोकांना कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जाता येतं का बाप्पा? बाबा तर साधा दाखला आणायला गेले तरी जाताना संत्री घेऊन जायचे. यात लाच वगैरे काही नसतं, रीत असते. मी लाडू वळले, स्टीलच्या डब्यात भरले आणि घेऊन गेले. बाई दारातच भेटल्या, सगळं ऐकून घेतलं, डबा घेतला, थँक्यू म्हणाल्या. मी खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज गोडच होता. म्हणाल्या, मतदानाच्या आधी एका पालकाकडून मी भेट घेतली, हे मला बोर्डाला कळवावं लागेल, आणि मला मत देता येईल की नाही हे वकिलांना विचारावं लागेल.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मतं अटीतटीची होती हे तोवर मला माहीत झालं होतं. म्हणजे ज्या बाई आमच्या बाजूने हात वर करणार, त्यांचाच हात मी बांधून आले होते, तेही तूप घालून. नवऱ्याला सांगितलं. तो आधी हसला, मग त्याने माझा चेहरा बघितला. "अगं, तू माझ्याशी बोलायला हवं होतंस," एवढंच म्हणाला, आणि ते खरंच होतं. संध्याकाळी डबा आमच्या पोर्चवर परत आला. एकही लाडू कमी नव्हता. पुढचे दहा दिवस तो डबा मी उघडलाही नाही.

जूनची मीटिंग. बोलण्यासाठी मी आधीच अर्ज केला होता: अर्जदाराला पाच मिनिटं, मजकूर आधी लिहून पाठवायचा, आणि ट्रस्टींनी उत्तर द्यायचं नाही. मी रागाने लिहिलेलं पहिलं पान फाडून टाकलं होतं. फक्त बाही चोळण्याचं सांगितलं आणि खाली बसले. पण त्याच्याही आधी अध्यक्षांनी विचारलं होतं, कोणाला काही जाहीर करायचं आहे का, आणि आमच्या बाईंनी माइक ओढला होता. मला घरची मिठाई मिळाली होती, ती मी परत केली आहे, वकिलांनी मत द्यायला हरकत घेतलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. तरी माझे कान तापले.

ठराव एका मताने पास झाला. मी वर गेलेले हात मोजले, आणि नंतर तिथेच, अनोळखी लोकांत, भडाभडा रडले.

बाहेर पार्किंगमध्ये मी बाईंची माफी मागितली आणि आभारही मानले. तुमच्यामुळे आमची असिस्टंट राहिली, म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"कोण कुठे राहील ते आम्ही ठरवत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही फक्त जागा ठेवतो. तुमच्या असिस्टंटचं नावही मला माहीत नाही."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी एका माणसासाठी दार वाजवलं होतं आणि या बाई न बघितलेल्या कितीतरी पोरांसाठी बसल्या होत्या. आठवड्याने असिस्टंटचं सरप्लसचं पत्र रद्द झालं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्या बाकीच्या पोरांच्या आयांचाही पडला असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. मी ऑफिसात, स्क्रीनवर शाळेचा नंबर. मी गाडीची किल्ली उचलली.

असिस्टंटच होती. "फिट आली होती," ती म्हणाली. "जिन्याजवळ होतो. तिने बाही धरली, मी लगेच खाली बसवलं. मिनिटभरात गेली. आता जेवतेय."

मागून पोरीचा आवाज आला, "आय ॲम फाइन, मॉम." तोंडात घास होता.

मी ठीक आहे म्हटलं, फोन ठेवला. गाडीची किल्ली हातात घेतलेली होती, ती पर्समध्ये परत टाकली आणि उरलेलं काम करायला बसले.