उजव्या बाजूची टीप

"दुखत न्हाई ना? मग दवाखान्यात उघडं कशाला पडायचं?"

साठ-बासष्ट सालच्या सुमाराला, शिरूरमध्ये, माझ्या आजीला तिच्या सासूनं हे सांगितलं.
आजीच्या छातीत तेव्हा हरभऱ्याएवढी गाठ होती.

गेल्या रविवारी न्हावऱ्याला माझ्या आईनं हेच वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलं.
आईची गाठ सुपारीएवढी आहे.

आज आजीचा स्मृतिदिन. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर फुलांचे फोटो येतायत आणि खाली तेच, "शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही."

मी हे लिहिणार नाही. मला या वाक्याचा संताप येतो.

आजी, रूथबाई, मिशनच्या वर्गात मुलींना शिवण शिकवायची. घरी हातानं फिरवायचं मशीन. आजोबा दौंडला रेल्वेत, शनिवारच्या एसटीनं घरी यायचे.

गाठ वाढली तसं पोलकं घट्ट झालं.
शिवणाऱ्या बाईला जो उपाय सुचेल तोच तिनं केला. टीप उसवली, आत दुमडून ठेवलेलं जादा कापड थोडं सैल केलं, पुन्हा टीप मारली.
फक्त उजव्या बाजूला.

आई तेव्हा अकरा वर्षांची. सुई ओवून द्यायचं काम तिचं.
"आई, हीच बाजू का गं उसवतीस सारखी?"
"मशीन फिरवून फिरवून हात जाड झालाय ह्यो. तू सुई ओव. वकिली करू नको."

आई हसली होती. ते हसणं तिला अजून आठवतं.

मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. दरवर्षी कॅन्सरचा धडा येतो आणि दरवर्षी माझा आवाज चढतो.

शरीरातली साधी पेशी शहाणी असते. खरचटलं की वाढते, जखम भरली की थांबते. फारच बिघडली तर आपणहून मरते.

कॅन्सरची पेशी थांब म्हटलेलं ऐकत नाही. मरायचं नाव घेत नाही. एकीच्या दोन, दोनाच्या चार. खायला कमी पडलं की नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते. पहाऱ्यावरच्या पेशींना चकवते. आणि एक दिवस उठून दुसरीकडे बिऱ्हाड करते. काखेत, हाडांत, फुफ्फुसात.

आणि सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही.
दुखत नाही म्हणून तर तिचं फावतं!

आईनं ट्रंकेत आजीची चार पोलकी जपून ठेवलीत. पहिलं जेमतेम करंगळीभर सैल केलेलं. दुसरं दोन बोटं. तिसऱ्यात आतलं कापड संपलेलं. चौथ्याला दुसऱ्याच रंगाचा तुकडा जोडलाय.

फळ्यावर मी गाठीची वाढ खडूनं काढून दाखवते. आजीनं ती दोऱ्यानं काढून ठेवली होती. बघायला कुणी नव्हतं.

एका शनिवारी तिला दोरीवर कपडे टाकायला हात वर करता येईना, तेव्हा आजोबांना कळलं.
"एवढं झालं आन् मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस?"
"शनिवारचं तुमी दमून येता."

मग एसटीनं दौंड, तिथून गाडीनं पुणं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. काखेतही गाठी होत्या. ते चिडून म्हणाले, "बाई, इतके दिवस काय करत होता?"

आजी म्हणाली, "शिवत व्हते."

चार महिन्यांत ती गेली. कबरीजवळ सगळे म्हणाले, गुणाची बाई, कुणाला तरास दिला न्हाई.

द्यायचा होता ना!
आरडाओरडा करायचा होता. सासूशी भांडायचं होतं. आजोबांना शनिवारी दारातच अडवायचं होतं. आजी, तू गुणाची झालीस आणि माझी आई बाराव्या वर्षी पोरकी झाली.

आई, आता तुला.
चष्मा लावून तू हे वाचशीलच. चारचौघांत लिहिलं म्हणून चिडशील. चीड.

रविवारी दोरीवरचे कपडे मी काढले. तुझ्या निळ्या ब्लाउजची डाव्या काखेतली टीप उसवलेली होती. पुन्हा हातानं घातलेली. बारीक, सुबक, आजीसारखी.

या वेळी सुई कुणी ओवून दिली गं? तुला तर आता दोरा दिसतही नाही.

कदाचित साधीच गाठ असेल. बऱ्याचदा असते. पण ते बघितल्याशिवाय कळत नाही, आणि लवकर कळलं तर आज पुष्कळ काही करता येतं. आजीच्या वेळी नव्हतं, तेवढं.

मंगळवारी नऊ वाजता गाडी घेऊन येते. डॉक्टर बाई आहेत. तू म्हणशील तर मी बाहेर थांबेन.

आजीला आज फुलं नको वाहूस. माझ्याबरोबर चल.

नाही म्हणशील, माहीत आहे.
तरी चल ना, आई.