तीन पोरींची वाहतूक

आमची वस्तीवरची शाळा पाचवीपर्यंतच. वाटूरहून मी रोज स्कुटीवर जायचे. डांबरी संपली की पुढचा रस्ता खडीचा आणि मग नुसता मातीचा. मेंढरं राखणाऱ्यांची वीसेक घरं, दोन खोल्यांची शाळा आणि शिकवायला मी एकटी. त्या वर्षी पाचवीतून तीन मुली पास झाल्या. सहावी मात्र नाल्यापलीकडच्या गावात.

दोघींच्या घरी ठरूनच गेलं होतं की आता बास झालं. उरलेल्या एकीचे आजोबा म्हणाले, "गाडीची सोय लावा बाई, मंग पाठवतो. बिनगाडीचं न्हाई."

सोय कागदावर होतीच. शाळा लांब असेल तर मुलांना वाहतूक सुविधा मिळते. मी तिन्ही घरांत जाऊन ते सांगितलं, बाकीच्या दोघींच्या आयांनाही तयार केलं आणि अर्ज घेऊन आजोबांकडे गेले. वाचून दाखवला. अंगठा उठवण्याआधी त्यांनी विचारलं, "वाहतूक म्हंजी?"

"मुलींना शाळेत न्यायची, आणायची सोय."

"वाहतूक तर पोत्याची आस्ती, वाळूची आस्ती. लेकराची कशी वाहतूक?"

मी हसले आणि अंगठा घेतला.

शिक्षण खात्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. शाळेपासून वस्तीपर्यंत एक सरळ रेघ, नाल्यावरून, कपाशीच्या रानांवरून. "अंतर नियमात बसत नाही मॅडम. थोडक्यासाठी कमी पडतं."

"सर, या रेघेवरून पाखरू जाईल. मुली नाल्याला वळसा घालून जातात."

"सिस्टीम असंच मोजते."

मी त्याच दिवशी स्कुटीच्या मीटरवर अंतर मोजलं, निघतानाचा आणि पोचल्यावरचा आकडा फोटोत घेतला आणि अर्जाला जोडला. अर्ज परत आला. खाजगी वाहनाचा मीटर ग्राह्य धरता येत नाही, असा शेरा.

मग एसटीच्या आगारात गेले. सकाळी एक, संध्याकाळी एक, एवढीच फेरी मागितली. तिथले गृहस्थ सज्जन होते. चहा मागवला त्यांनी. म्हणाले, "शाळेच्या वाहतुकीचं तुमचं खातं बघतं. आमचं परिवहन. पक्का रस्ता असला तर बस आत येईल." रस्त्यासाठी ग्रामपंचायतीत गेले. तिथं सांगितलं की दळणवळणाच्या कामांची यादी वर गेलेली आहे. कुठं वर, ते कुणाला सांगता आलं नाही. वाहतूक, परिवहन, दळणवळण. प्रत्येक खिडकीत एक नवा शब्द मिळत होता आणि मुली घरीच बसून होत्या. शाळा सुरू होऊन महिना उलटला होता.

शेवटी मी एका काळी-पिवळी जीपवाल्याला गाठलं. तो त्याच बाजूनं भाड्याची माणसं न्यायचा. त्यानं पुढच्या सीटवर तिघींना जागा दिली. आठ दिवस पोरी शाळेत गेल्या. नव्या वह्या, वेण्यांना लाल रिबिनी. मला वाटलं, सुटलं एकदाचं.

नवव्या दिवशी चौकात पोलिसांनी जीप अडवली. अवैध प्रवासी वाहतूक. सगळ्यांना खाली उतरवलं. मोठी माणसं दुसऱ्या गाड्यांनी पांगली, पोरी दप्तरं घेऊन चालत परत आल्या. माझा वर्ग चालू होता. तिघी दारात उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हणाली, "बाई, आमी अवैध हाव का?"

मी "नाही गं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? जीपवाल्याला पुन्हा विचारलं तर त्यानं हात जोडले. "मॅडम, गाडी जप्त झाली तर मी काय करू?" त्याचंही चूक नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. ओरडायचं तरी कुणावर?

दोन दिवसांनी आजोबा शाळेत आले. काठी भिंतीला टेकवून म्हणाले, "उद्यापसून मेंढरं नाल्याच्या अंगानं घालतो. पोरीला सोडतो, सांजच्याला घेऊन येतो."

"पण बाबा, तिकडं चारा आहे का?"

"कमी हाय. बराबर न्हाई तिकडं. पन काय करावं? तुमची गाडी तर कागदातच अडकून राह्यली."

त्यांच्या नातीसोबत दुसरी एक मुलगी जाऊ लागली. तिसरीला आईबापांनी मोसंबीच्या बागेत कामाला न्यायला सुरुवात केली होती. सकाळी मला रस्त्यात ही सगळी मंडळी भेटायची. पुढं मेंढरं, मध्ये गणवेशातल्या दोघी, मागं आजोबा. धुळीत पोरींचे पांढरे मोजे कधीच मातकट झालेले. मेंढरं हडकत चालली होती, ते दिसत होतं.

दिवाळीनंतर नाल्यापलीकडच्या शाळेत तपासणी झाली, अर्ज माझा म्हणून मलाही बोलावलं होतं. साहेबांनी हजेरीपट पाहिला. दोन्ही मुलींची हजेरी चांगली होती. त्यांनी माझ्यासमोर रकाना भरला : वाहतूक सुविधेची आवश्यकता, नाही.

"सर, त्या मेंढरांबरोबर चालत येतात."

"येतात ना पण?"

"तिसरी येत नाही."

"ती पटावर कुठाय मॅडम?"

नव्हती. त्या आठ दिवसांत तिचं नावच घालून झालं नव्हतं, तर पटावर कुठून असेल? सही करून मी बाहेर आले.

तिसरीच्या घरी मी नंतर तीनदा गेले. आई प्रत्येक वेळी म्हणायची, "पाठवतो की बाई." मागच्या आठवड्यात बागेच्या कडेनं जाताना ती पोर मला झाडाखाली मोसंब्या वेचताना दिसली. मी स्कुटी थांबवून हाक मारली. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, क्रेट उचललं आणि दुसऱ्या ओळीत निघून गेली.