नवरदेवाच्या चाकूवरचं लिंबू

नवरदेवाच्या चाकूला खोचलेलं लिंबू मी पिऊन टाकलं होतं, एवढी मी शहाणी. ह्यांनी जन्मभर खिशात बाळगलेला तो घडीचा चाकू आता नातवाच्या संग्रहात आहे. सकाळी लिंबू कापायला मागितला, तर म्हणतो, "आजी, हात नको लावू, जुना हाय तो." मग मी काय कोवळी आहे?

लग्नाची जीप शेलूबाजारला थांबलेली. तांब्यातलं कोमट पाणी घशाखाली उतरेना. शेजारी हे झोपलेले, हातात नजर लागू नये म्हणून दिलेला चाकू, टोकाला रसरशीत लिंबू. हळूच काढून पिळलं. हळदीचा, लोखंडाचा वास आला, तरी गटागट प्याले. आता वाटतं, निदान साखर तरी मागायची.

सासूबाईंनी चाकूचं रिकामं टोक पाहिलं अन् म्हणाल्या, "त्याच्यावरची सारी नजर तुह्या पोटात गेली. आता त्याले ठेच लागली तरी मी तुलेच इचारीन."